राफ्टमध्ये (बोट सोडावी लागली तर वापरायच्या फुगणाऱ्या तराफ्यात) चढता आलं नाही म्हणून सर्टिफिकेट थांबवलं, त्याबद्दल

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, दोनदा वाचला. एक स्टार दिलात त्याबद्दल तक्रार नाही, पण पुढच्या बॅचचे लोकही हे वाचणार म्हणून नीट उत्तर देतेय. तुमचं म्हणणं असं की शिडाच्या बोटीने खोल समुद्रात जाणाऱ्यांसाठीच्या दोन दिवसांच्या ऑफशोअर सेफ्टी कोर्सचे एवढे पैसे घेतले आणि शीड एकदाही उघडलं नाही, सगळा वेळ स्विमिंग पूलमध्ये गेला, तुमचं नवीन लाइफजॅकेट सगळ्यांसमोर फेल केलं, मिसेसवर आवाज चढवला आणि वर सर्टिफिकेटही नाही.

आधी आमची चूक. रविवारी पूल मध्येच दुसऱ्यांना दिला गेला आणि तुम्ही सगळे ओल्या कपड्यांत पाऊण तास काठावर बसून राहिलात, ते मी बघायला हवं होतं. इन्स्ट्रक्टरने तुमच्या मिसेसशी तसं बोलायला नको होतं. त्याच्याशी बोलले मी. दोघांतर्फे मनापासून सॉरी.

आता जॅकेट. नवीन होतं, टॅगसकट होतं, मान्य. पण कव्हर उघडून आतला जॅकेट फुगवणारा गॅसचा सिलिंडर बोटाने फिरवला तर दीड आटा सैल, दोरी ओढली तर नुसता ठक आवाज आला आणि जॅकेट तसंच चपटं, कारण आतली सुई सिलिंडरपर्यंत पोचलीच नाही. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा तर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तसाच होता, आणि तो नसेल तर जॅकेट फुगलं तरी पाण्यात कानापर्यंत वर सरकतं आणि तोंड खाली जातं. तुम्हाला लाज वाटावी म्हणून नाही दाखवलं सर, तुमचं बघून बाकीच्यांनी आपापली उघडली आणि आणखी दोघांचे सिलिंडर सैल निघाले. घरी असताना सिलिंडर काढून किचनच्या काट्यावर ठेवा, वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं, त्यापेक्षा कमी भरलं तर बदला.

शीड का नाही उघडलं, तर शीड तुम्हाला येतंच, त्याशिवाय या कोर्सला आम्ही घेत नाही. इथे शिकवतो ते सगळं बिघडल्यानंतरचं. शनिवारचा अर्धा दिवस ‘बोट कधी सोडायची’ यावर गेला तो तुम्हाला फुकट वाटला, पण 1979 च्या फास्टनेट रेसमध्ये, म्हणजे इंग्लंडहून निघणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत, वादळात 15 सेलरचा जीव गेला, 24 बोटी लोकांनी सोडून दिल्या आणि त्यातल्या बुडाल्या फक्त 5, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. राफ्टमध्ये उतरलेल्यांपैकीही काही जण वाचले नाहीत. आणि 2018 मध्ये एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीत उतरलेल्या अभिलाष टॉमींची थुरिया, आपल्या गोव्यातच बांधलेली बोट, दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडून डोलकाठी मोडली, पाठ इतकी दुखावली की उठताही येईना, तरी ते बोटीतच राहिले, संकटाचा सिग्नल पाठवणारं बीकन चालू केलं, मेसेज पाठवत राहिले आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. बोट तरंगतेय तोवर बोटीतच थांबायचं, हे तुमच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून तो अर्धा दिवस.

आणि सर्टिफिकेट. उलटलेला राफ्ट तुम्ही पहिल्याच झटक्यात सरळ केलात, गॅसच्या बाटलीवर उभं राहून पट्टा ओढून, छान केलंत. पण आत चढताना तीनदा छातीवरचं फुगलेलं जॅकेट अडलं, तिसऱ्यांदा हात सुटला, आणि ते कोमट, सपाट पाण्यात, भर उजेडात. मग मी सही कशी करू?

माझं स्वतःचं सांगते. काही वर्षांपूर्वी मुंबईहून गोव्याला बोट नेताना रात्री आमच्यातला एक जण पाण्यात पडला. वळून दहा मिनिटांत त्याच्याजवळ पोचलो, तो अगदी बाजूला, माझा हात त्याच्या मनगटावर, आणि वर घ्यायला पंचवीस मिनिटं लागली कारण ओल्या कपड्यांतला माणूस किती जड होतो ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, विंचवर (दोरी ओढायच्या चरकावर) घेऊन माणूस उचलता येतो हे त्या क्षणी सुचलंच नाही. तो वाचला. त्याचं ‘आता सोड’ म्हणणं मला आजही ऐकू येतं. हा कोर्स मी त्यानंतर सुरू केला.

तुम्ही दिवाळीनंतर मुंबई-गोवा करणार आहात म्हणून सांगते, त्याआधी कुठल्याही रविवारी या, राफ्टचं सेशन परत करून घेऊ, एक पैसा नको. पाय जोरात मारत आतला पट्टा पकडून पोटावर लोळत जायचं, एवढीच युक्ती आहे, चार-पाचदा केलं की जमतं. मिसेसनाही आणा, त्यांना तर दुसऱ्याच वेळी जमलं होतं, त्यांचं सर्टिफिकेट ऑफिसात तयार आहे. येताना जॅकेट आणा, पट्टा लावून.