मेट्रोतले जोशुआ बेल : त्या व्हायरल संदेशातलं खरं किती?

संदेश सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जानेवारीतली थंड सकाळ, वॉशिंग्टनचं मेट्रो स्टेशन, एक माणूस व्हायोलिन वाजवतोय. ४५ मिनिटांत जर्मन संगीतकार बाखच्या सहा रचना होतात. दोन हजार माणसं समोरून जातात, सहा जण थांबतात, वीसेक जण पैसे टाकतात, जमतात ३२ डॉलर. मग उलगडा होतो : वादक होते नामवंत व्हायोलिनवादक जोशुआ बेल, हातात ३५ लाख डॉलरचं व्हायोलिन होतं आणि दोनच दिवसांपूर्वी बॉस्टनमध्ये त्यांना ऐकायला लोकांनी शंभर-शंभर डॉलर मोजले होते. तात्पर्य असं की, माणसाला सौंदर्य ओळखता येईनासं झालंय.

प्रसंग खरा आहे. १२ जानेवारी २००७, शुक्रवार, लाँफाँ प्लाझा स्टेशन. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने तो मुद्दाम घडवून आणला. जीन वाइनगार्टन यांचा त्यावरचा लेख ८ एप्रिलला छापून आला आणि त्याला पत्रकारितेचं २००८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. लेख अतिशय काटेकोर आहे. बिघडलं ते पुढे पाठवता पाठवता, आणि सर्वांत जास्त बिघडलं ते तात्पर्यात.

"४५ मिनिटं, दोन हजार माणसं, बाखच्या सहा रचना"

वादन चाललं ४३ मिनिटं. समोरून गेली १,०९७ माणसं. निदान मिनिटभर थांबले ७ जण, पैसे टाकले २७ जणांनी. बॉस्टनचा कार्यक्रम दोन नव्हे, तीन दिवस आधीचा. हे फरक किरकोळ आहेत, सोडून देऊ.

रचनांचा फरक मात्र किरकोळ नाही. सुरुवात बाखच्या डी मायनर पार्टिटातल्या (पार्टिटा म्हणजे अनेक नृत्यरचनांची माळ) शाकॉन या लांब रचनेने झाली. मग शूबर्टचं 'आवे मारिया', मेक्सिकन संगीतकार पाँसेचं 'एस्त्रेयीता', मासनेची एक रचना, बाखचा एक गावोत (एक नृत्यप्रकार) आणि शेवटी पुन्हा शाकॉन. म्हणजे सहांपैकी तीन वेळाच बाख, आणि त्यातही शाकॉन दोनदा. शूबर्ट आणि पाँसे यांच्या या रचना मुळात गाणी आहेत. व्हायोलिनवर त्या वाजतात तेव्हा खाली पियानो असतो, आणि सूर कुठे झुकतोय, कुठे विसावतोय हे पियानोच्या स्वरमेळातून कळतं. पियानो काढला की उरते एकेरी सुरावट. ती गोड लागते, पण तिच्या खालची जमीन गेलेली असते. एकट्या व्हायोलिनसाठीच लिहिलेलं जे होतं, ते बाखचंच.

"इतकं महान संगीत चालू होतं आणि कुणाला ऐकूच आलं नाही"

मुख्य मुद्दा हा, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

शाकॉनची बांधणी बघा. चार-चार मात्राखंडांचा (मात्राखंड म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) एक छोटा साचा, आणि त्यावर एकामागून एक सुमारे ६४ रूपं. एकूण लांबी अडीचशेहून थोडे जास्त मात्राखंड. वाजवायला १४-१५ मिनिटं लागतात, म्हणजे एका रूपाला सरासरी १३ ते १४ सेकंद. सरकत्या जिन्यावरून वर येऊन दाराकडे निघालेला माणूस वादकासमोरून जायला किती वेळ घेतो? फार तर तेवढाच. त्याच्या कानावर पडलं ते ६४ मधलं एखादं रूप, तेही बहुधा अर्ध्यातून सुरू होऊन अर्ध्यात तुटलेलं. साचा ओळखू यायला तो दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो, आणि या रचनेचा सगळा जीव तो साचा बदलत कसा जातो यात आहे. विलंबित ख्यालाचं मधलंच एक आवर्तन ऐकवून राग कळला का असं विचारावं, तसं हे आहे. त्या माणसाने शाकॉन नाकारली नाही. ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

दुसरी गोष्ट वाद्याची. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरून गोलसर असते, त्यामुळे गज एका वेळी दोन तारांवर नीट टेकतो. तिसरी तार जोर देऊन क्षणभर धरता येते, चार एकदम धरता येत नाहीत. शाकॉनच्या सुरुवातीलाच तीन-चार स्वरांचे गुच्छ आहेत. वादक ते फोडून वाजवतो : खालचे स्वर आधी, वरचे लगेच मागून. खालचा स्वर प्रत्यक्षात थांबलेला असतो, तो पुढे चालू ठेवायचा असतो ऐकणाऱ्याच्या कानाने. शांत सभागृहात कान हे आपोआप करतो. त्या आवारात आवाज बरा घुमत होता, असं मूळ लेखातच म्हटलं आहे, तेव्हा दोष जागेच्या घुमाऱ्याला देता येणार नाही. पण पावलं, बोलणी आणि जिन्याची घरघर यांच्यात तो धागा टिकत नाही. कानावर येतात ते तुटक, खरखरीत ठोके.

आणि वेळ. वादन ७ वाजून ५१ मिनिटांनी सुरू झालं. आजूबाजूला सरकारी कचेऱ्या, माणसं कामावर निघालेली. अशा वेळी न थांबणं हा रसिकतेचा अभाव नव्हे, ती हजेरीची वेळ आहे. हाच प्रयोग संध्याकाळी, बसायला कट्टा असलेल्या चौकात करायला हवा होता, असं आमचं ठाम मत आहे. मग निकालावरून काही बोलता तरी आलं असतं.

"हातात ३५ लाख डॉलरचं व्हायोलिन होतं"

होतं, किंमत साधारण तेवढीच सांगितली गेली होती. १७१३ सालचं, अंतोनियो स्त्रादिवारी या विख्यात कारागिराने इटलीतल्या क्रेमोनात घडवलेलं. पण त्या किमतीत स्वराचा वाटा किती? स्त्रादिवारीची सुमारे साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक आहेत, नवी होणार नाहीत. किंमत ठरते ती या दुर्मीळपणावर, वाद्य मूळ अवस्थेत किती उरलंय यावर आणि ते कुणाकुणाच्या हातातून आलं यावर.

संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन घडवणारे जोसेफ कर्टिन यांनी वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून याची परीक्षा घेतली. इंडियानापोलिसमध्ये २०१० साली २१ वादकांपुढे तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिनं होती. पुढे २०१२ साली पॅरिसमध्ये दहा नामवंत एकलवादक आणि बारा व्हायोलिनं, सहा नवी, सहा जुनी. दोन्ही वेळा नवं कुठलं, जुनं कुठलं हे वादकांना खात्रीने ओळखता आलं नाही, आणि पसंती नव्यांकडे झुकली. वाद्य हातात घेऊन वाजवणाऱ्यांची ही गत, तर समोरून चालत जाणाऱ्याकडून कसली अपेक्षा करायची?

याच व्हायोलिनचा इतिहास तर संदेशाचा सगळा युक्तिवाद मोडून काढतो. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचे तेव्हाचे मालक, व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव हुबरमन दुसरं व्हायोलिन घेऊन मंचावर होते, तेव्हा हे वाद्य त्यांच्या खोलीतून चोरीला गेलं. ते ज्याच्याकडे राहिलं तो ज्युलियन ऑल्टमन हा वादक जवळजवळ पन्नास वर्षं ते वाजवत होता, उपाहारगृहांत आणि वाद्यवृंदातही. १९८५ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने कबुली दिली, त्यानंतरच जगाला कळलं. त्या पन्नास वर्षांत ते ऐकणाऱ्यांत जाणकार संगीतकार होते, शेजारच्या खुर्चीवर बसून वाजवणारे होते. नुसत्या स्वरावरून कुणी चोरी पकडली नाही. २००१ साली ते बेल यांच्याकडे आलं.

"मिळाले फक्त ३२ डॉलर"

३२ डॉलर १७ सेंट, ४३ मिनिटांत. तासाला सुमारे ४५ डॉलर पडतात. त्या वेळी अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन तासाला ५ डॉलर १५ सेंट होतं. शिवाय एका बाईने त्यांना ओळखून दिलेले २० डॉलर या हिशेबात धरलेलेच नाहीत. रस्त्यावरच्या वादनाला हे उत्पन्न चांगलं म्हणावं असंच आहे. शिकागोत १९३० साली तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक जॅक गॉर्डन वेश पालटून रस्त्यावर वाजवायला उभे राहिले, तेव्हा त्यांना मिळाले होते ५ डॉलर ६१ सेंट.

रस्त्यावर नेहमी वाजवणारे जागा निवडताना पाहतात ते हेच : माणसं कुठे रेंगाळतात, उजेड आणि मोकळी जागा आहे का, थांबलेल्या माणसामुळे मागच्याची वाट अडत नाही ना. रचना ते दोन-तीन मिनिटांच्या, ओळखीच्या घेतात. पहिला माणूस थांबला की दुसरा थांबतो. पहिलाच थांबला नाही तर घोळका जमत नाही, मग वादक कितीही मोठा असो. बेल टोपी घालून भिंतीशी, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभे होते आणि सुरुवातीलाच १५ मिनिटांची, ऐकायला कठीण रचना. व्हायोलिनच्या पेटीत सुरुवातीचे थोडे पैसे टाकून ठेवले होते, तेवढी एकच गोष्ट रिवाजानुसार झाली.

"जगातला श्रेष्ठ वादक, पण कुणी ओळखलं नाही"

एकीने ओळखलं, कारण तीन आठवड्यांपूर्वी तिने त्यांना लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ऐकलं होतं. सर्वांत जास्त वेळ थांबला तो माणूस लहानपणी मन लावून व्हायोलिन शिकलेला होता. ज्यांच्या कानाची आधी तयारी झालेली होती, त्यांनी त्या गोंगाटातही वादन हेरलं. बाकीचे हजारभर लोक अरसिक ठरत नाहीत, त्यांना हे कुणी कधी ऐकवलेलं नव्हतं एवढंच.

बेल यांचं नावही असंच वर्षानुवर्षं, योग्य जागी ऐकवलं जाऊन झालं. चौथ्या वर्षी हातात व्हायोलिन, इंडियानात जोसेफ गिंगोल्ड यांच्याकडे तालीम, १४ व्या वर्षी वाद्यवृंद-संचालक रिकार्दो मुती यांच्या हाताखाली फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर पदार्पण, १७ व्या वर्षी कार्नेगी हॉल. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते वॉशिंग्टनच्याच युनियन स्टेशनवर पुन्हा वाजवायला उभे राहिले, या वेळी आधी जाहीर करून आणि तरुण वादकांना बरोबर घेऊन. गर्दी इतकी झाली की उभं राहायला जागा नव्हती. शहर तेच आणि जागा पुन्हा स्टेशनचीच.

"मुलं थांबत होती, आईबाप ओढून नेत होते"

हे खरं आहे, मूळ लेखात तसंच नोंदवलेलं आहे.

संदेश पुढे पाठवण्याआधी शाकॉन एकदा सलग ऐका, शक्यतो हेडफोन लावून. पहिली दोन मिनिटं फक्त खालच्या स्वरांकडे लक्ष ठेवा, साचा तिथे सापडेल. साधारण निम्मी झाल्यावर ती गंभीर वाटणाऱ्या मायनर स्वरपंक्तीतून उजळ वाटणाऱ्या डी मेजरमध्ये जाते, आवाज एकदम मऊ होतो. शेवटच्या काही मिनिटांत पुन्हा डी मायनर येतो. हा पालट कळायला आधीची सात-आठ मिनिटं ऐकलेली असावी लागतात.