लिंबू-मधाने चरबी वितळत नाही

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय: सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, चरबी वितळते, महिन्यात 5 किलो उतरतात. हे खरं नाही. मोठा चमचाभर मधातच सुमारे 60 कॅलरी असतात. खाल्ल्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च झाली, तरच साठलेली चरबी वापरली जाते.

आणि उतरलेलं वजन परत चढलं म्हणून कुठल्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. वजन घटलं की लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं संप्रेरक (हार्मोन), कमी होतं, भूक वाढते, शरीर ऊर्जाही कमी जाळतं. माझ्याकडे डब्यात उरलेला अर्धा पराठा रोज सिंकपाशी उभ्याउभ्या तोंडात जायचा. तो थांबवल्यावर फरक पडला. मधुमेह असेल तर हा मध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया घेऊ नका.