‘यंदा लायन्सला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत दोन तारखांची ओढाताण सुरू होते. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, गणपती २७ ऑगस्टला आहेत आणि बहुतेक ऑफिसांचे फँटसी ड्राफ्टही (एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, खऱ्या खेळाडूंमधून आपापला कागदी संघ निवडणं) त्याच आठवड्यात. या गडबडीत एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय, आणि पॉडकास्टवाल्यांचा सूरही साधारण तोच आहे. म्हणणं असं: डेट्रॉइट लायन्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डावपेच आखणारा कोच) बेन जॉन्सन शिकागो बेअर्सचा मुख्य कोच झाला, त्यामुळे लायन्सचं ऑफेन्स संपलं. चेंडू एक आणि मागणारे पाच. क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) गॉफ फक्त छताखाली चांगला खेळतो. रिसीव्हर (पास झेलणारा) सेंट ब्राउनचे कॅच पाच-पाच यार्डांचे. आणि २०२४ चे आकडे पुन्हा दिसणार नाहीत. तात्पर्य, लायन्सला हात लावू नका.

यातला एक मुद्दा बरोबर आहे, एक अर्धा बरोबर आहे, उरलेले बिनबुडाचे आहेत. आणि जी काळजी खरंच करायला हवी, तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. इथली फँटसी ड्रीम११ सारखी नसते. तिथे दर सामन्याला नवा संघ निवडता येतो आणि एकच खेळाडू लाखोंच्या संघात असू शकतो. इथे दहा-बारा जणांची लीग असते, ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने खेळाडू उचलायचे, आणि तुम्ही उचललेला खेळाडू अख्ख्या हंगामात दुसऱ्या कोणाला मिळत नाही. म्हणून प्रश्न ‘हा चांगला आहे का’ एवढाच नसतो, ‘या फेरीत, या भावात घ्यावा का’ हा असतो. अख्ख्या संघावर फुली मारणाऱ्याला हा फरक कळलेला नाही किंवा त्याला तुमच्या लीगमध्ये लायन्सवाले स्वस्तात हवे आहेत.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा: जॉन्सन गेला म्हणजे डोकं गेलं.

जॉन्सन किती हुशार आहे यावर वाद नाही. डिसेंबर २०२४ मध्ये शिकागोतच झालेला बेअर्सविरुद्धचा सामना आठवा. स्नॅप (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणं) झाल्यावर गॉफ अडखळला, शेजारी चेंडू घेऊन धावणारा गिब्ज जमिनीवर पडला, बचाव करणाऱ्यांना वाटलं चेंडू सुटला. ते क्षणभर थबकले आणि गॉफने आरामात टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) सॅम लापोर्टाला २१ यार्डांचा टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार पोचवणं) फेकला. तो गोंधळ सरावात घोटून बसवलेला होता. असलं सुचणारा माणूस गेला की फरक पडतोच. जॉन्सनने सूत्रं हाती घेण्याआधी, २०२१ मध्ये, लायन्सने हंगामात ३२५ गुण केले होते. त्याच्या हाताखाली ते ४५३, मग ४६१ आणि २०२४ मध्ये ५६४ झाले. हा शेवटचा आकडा त्या वर्षी एनएफएलमध्ये सर्वांत मोठा होता.

मग मागचे दाखले काय सांगतात? मेसेजवाल्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला मीच देतो, कारण त्यांनी तो दिलेला नाही. असाच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर काइल शॅनहान २०१६ च्या हंगामानंतर अटलांटा फाल्कन्स सोडून गेला. फाल्कन्सचे गुण ५४० वरून थेट ३५३ वर आले. त्यांचा क्वार्टरबॅक मॅट रायन, त्याचे टचडाउन ३८ वरून २० झाले. ज्याने रायनला वरच्या फेरीत घेतलं, तो वर्षभर हळहळत बसला. पण त्याच संघातल्या रिसीव्हर हुलिओ जोन्सकडे बघा. २०१६ मध्ये ८३ कॅच आणि १,४०९ यार्ड, २०१७ मध्ये ८८ कॅच आणि १,४४४ यार्ड. टचडाउन सहाचे तीन झाले, यार्ड जागच्या जागी राहिले.

दुसरा दाखला फिलाडेल्फिया ईगल्सचा. त्यांचा कोऑर्डिनेटर शेन स्टायकेन २०२२ नंतर कोल्ट्सकडे गेला. ईगल्सचे गुण ४७७ वरून ४३३ वर आले. रिसीव्हर ए. जे. ब्राउनचे यार्ड १,४९६ होते ते १,४५६ झाले, कॅच ८८ चे १०६ झाले, टचडाउन अकराचे सात. पुन्हा तीच गोष्ट. डावपेच आखणारा गेला की आधी टचडाउन घटतात आणि त्याचा चटका क्वार्टरबॅकला बसतो. पहिल्या पसंतीच्या रिसीव्हरकडे चेंडू जायचा थांबत नाही, कारण तो कोचच्या कागदामुळे मोकळा होत नसतो, स्वतःच्या पायांमुळे होतो. दोन दाखल्यांवरून नियम ठरत नाही हे मान्य, पण ‘संपलं’ म्हणणाऱ्यांनी एकही दिलेला नाही.

२०२५ साठी नेमलेला लायन्सचा कोऑर्डिनेटर जॉन मॉर्टन. ‘जेट्सने त्याला एका वर्षात काढलं’ असं मेसेजमध्ये तिखटमीठ लावून लिहिलंय. काढलं, खरं आहे. पण २०१७ च्या त्या जेट्समध्ये क्वार्टरबॅक होता ३८ वर्षांचा जॉश मॅकाउन, आणि कारकिर्दीतले सर्वाधिक यार्ड नि सर्वाधिक टचडाउन त्याने त्याच वर्षी फेकले. शिवाय मॉर्टन डेट्रॉइटला नवखा नाही, २०२२ मध्ये तो याच संघाच्या ऑफेन्सच्या मदतनिसांत होता. आणि काहीच जमलं नाही तर मुख्य कोच डॅन कॅम्पबेल आहेच. २०२१ मध्ये तेव्हाच्या कोऑर्डिनेटर अँथनी लिनकडून प्ले-कॉलिंग (कोणता डाव खेळायचा हे ठरवणं) काढून घेऊन त्याने स्वतःकडे घेतलं होतं. गरज पडली तर तो पुन्हा घ्यायला लाजणार नाही.

दुसरा मुद्दा, पोळी एक आणि खाणारे पाच. ऐकायला पटतं. पण पोळी केवढी होती ते विसरून हिशेब मांडलाय. चेंडू घेऊन धावणारे दोघे, जामीर गिब्ज आणि डेव्हिड माँटगोमेरी, एकमेकांच्या वाट्याचं खातात, असं गेल्या ड्राफ्टच्या वेळीही सांगत होते. गिब्जने २५० वेळा चेंडू घेऊन धावत १,४१२ यार्ड आणि १६ टचडाउन केले, वर ५२ कॅच, ५१७ यार्ड आणि आणखी ४ टचडाउन. माँटगोमेरीने १८५ धावांत ७७५ यार्ड आणि १२ टचडाउन, तेही फक्त १४ सामन्यांत. कॅचला एक गुण देणाऱ्या पीपीआर लीगमध्ये गिब्ज ३६० च्या पुढे गेला आणि माँटगोमेरीला सामन्यामागे १५ च्या वर पडले. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या आणि दोन्ही चालल्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘माँटगोमेरी जखमी झाला म्हणून गिब्ज चमकला.’ शेवटच्या तीन सामन्यांत तो एकटा होता आणि व्हायकिंग्जविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात १३९ यार्ड धावून त्याने चार टचडाउन केले, हे खरंच. पण त्याचे हजाराहून जास्त यार्ड त्याआधीच्या १४ सामन्यांत, माँटगोमेरी शेजारी असतानाच झाले होते. दोघांना मिळून, व्हिडिओ गेममधल्या जोडीवरून, ‘सॉनिक आणि नकल्स’ म्हणतात. नाव पोरकट आहे, आकडे नाहीत.

रिसीव्हरांबाबत मात्र मेसेजवाले काठावर तरी आहेत. इथे खरंच कोणाच्या तरी पानातलं कमी होतं, आणि गेल्या वर्षी ते लापोर्टाच्या पानातलं झालं. पदार्पणात, २०२३ मध्ये, त्याच्याकडे १२० वेळा चेंडू फेकला गेला होता: ८६ कॅच, ८८९ यार्ड, १० टचडाउन. २०२४ मध्ये दुसरा रिसीव्हर जेमसन विल्यम्स पायावर उभा राहिला, १,००१ यार्डांवर गेला, आणि लापोर्टाच्या दिशेने आलेले चेंडू ८३ वर घसरले. तरीही ६० कॅच आणि ७ टचडाउन. टाइट एंडच्या जागेवर याहून वाईट माणसं लोक आनंदाने पाचव्या फेरीत घेतात. विल्यम्सला बंदीमुळे दोन सामने मुकावे लागले होते हेही धरा. त्याचं दुखणं वेगळं आहे. एका आठवड्यात वीस गुण, पुढच्या आठवड्यात तीन. रक्तदाब असेल तर त्याला तिसरा रिसीव्हर म्हणून ठेवा, पहिला म्हणून नको.

सेंट ब्राउनचे कॅच आखूड आहेत, हा मुद्दा करणाऱ्याने लीगचे नियम वाचलेले नाहीत. पाच यार्डांचा कॅच पीपीआरमध्ये दीड गुण देतो. असे ११५ झाले, आणि १,२६३ यार्ड, १२ टचडाउन. आधीच्या दोन वर्षांत १०६ आणि ११९ कॅच. सलग तीन वर्षं शंभराच्या वर जाणाऱ्याला ‘आखूड’ म्हणून सोडायचं असेल तर खुशाल सोडा, माझी पाळी तुमच्यानंतर असू दे.

गॉफ आणि छत. लायन्सचं फोर्ड फील्ड छताखाली आहे आणि गॉफ तिथे खुलतो, यात खोटं काही नाही. सिॲटलविरुद्ध त्याने तिथे १८ पैकी १८ पास पूर्ण केले. पण २०२४ मधला त्याचा सगळ्यात भयंकर सामनाही छताच्याच स्टेडियममधला, ह्यूस्टनचा: पाच इंटरसेप्शन (समोरच्या बचावाने पकडलेले पास). (सामना लायन्सनेच जिंकला, ते सोडा.) उलट ग्रीन बेच्या भर पावसात त्याने २२ पैकी १८ पास पूर्ण करून संघाला जिंकवलं. मात्र यार्ड होते १४५ आणि टचडाउन एक. लायन्सला ते पुरलं, तुमच्या फँटसी संघाला पुरलं नसतं. म्हणून हा मुद्दा अर्धा खरा. उघड्या मैदानातले सामने यंदा सात आहेत, त्यातला पहिलाच ग्रीन बेला. पण वेळापत्रकाचं दुसरं टोक कोणी पाहिलेलं दिसत नाही. फँटसीच्या बाद फेऱ्या साधारण १५ ते १७ व्या आठवड्यांत होतात. त्या तीन आठवड्यांत लायन्स खेळतात लॉस एंजेलिसला रॅम्सशी, घरी स्टीलर्सशी आणि मिनेसोटात व्हायकिंग्जशी. तिन्ही छताखाली.

राहिला तो बरोबर मुद्दा. २०२४ चे आकडे जसेच्या तसे येणार नाहीत. गॉफने ५३९ पासमध्ये ३७ टचडाउन फेकले, म्हणजे दर चौदा-पंधरा पासांना एक. आदल्या वर्षी ६०५ पासमध्ये ३०, म्हणजे वीस पासांना एक. हे प्रमाण खाली येणारच, जॉन्सन असता तरी आलं असतं. पण खाली येऊन होणार किती? समजा टचडाउन पुन्हा ३० झाले. फँटसीत पासिंग टचडाउनला साधारण चार गुण, म्हणजे वर्षाला २८ गुण गेले, सामन्यामागे दीड-पावणेदोन. तेच सात टचडाउन चार-पाच जणांत वाटले की रिसीव्हरामागे हंगामात आठ-दहा गुण. एवढ्यासाठी सेंट ब्राउनला ओलांडून कोणाला घेणार?

आता ती न सांगितलेली काळजी. जूनमध्ये सेंटर (क्वार्टरबॅकसमोर अडवणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधला मधला) फ्रँक रॅग्नाउ निवृत्त झाला. चार वेळा प्रो बोलला (एनएफएलच्या निवडक खेळाडूंत) निवडलेला माणूस, आणि दर स्नॅपआधी समोरचा बचाव वाचून बाकीच्या लाइनला कोणी कोणाला अडवायचं हे सांगणारा. उजवा गार्ड (सेंटरच्या शेजारचा) केव्हिन झाइटलर टायटन्सकडे गेला. म्हणजे लाइनच्या मधल्या तीन जागांपैकी दोन रिकाम्या झाल्या. दोन्ही टोकांना पेनेई सूल आणि टेलर डेकर आहेत, तिकडची चिंता नको. पण गॉफ पळणारा क्वार्टरबॅक नाही. बाजूने कोणी आला तर तो एक पाऊल पुढे सरकून पास फेकतो. मधूनच कोणी घुसला तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. आता सेंटरला तेहतीस वर्षांचा ग्रॅहम ग्लासगो दिसतो आणि गार्डला जॉर्जियाचा नवखा टेट रॅटलेज.

गंमत म्हणजे १८ पैकी १८ च्या त्या सामन्यात रॅग्नाउ छातीच्या दुखापतीमुळे बाहेरच होता आणि सेंटरला हाच ग्लासगो खेळला होता. पण एका रात्रीपुरतं निभावणं वेगळं आणि सतरा सामने निभावणं वेगळं. या लाइनला सूर सापडायला महिना लागला, तर गॉफ आणि लांब पळणारा विल्यम्स या दोघांना आधी फटका बसेल. लांब पास फेकायला क्वार्टरबॅकला उभं राहायला वेळ लागतो. सेंट ब्राउन आणि गिब्जचे चेंडू दोन सेकंदांत हातातून सुटतात, त्यांचं फार बिघडत नाही.

म्हणून माझी यादी अशी. गिब्ज पहिल्या फेरीत डोळे झाकून. सेंट ब्राउन पहिल्या फेरीच्या शेवटाला मिळाला तर वळून बघू नका. लापोर्टा सगळे त्याला विसरतील तेव्हा. विल्यम्सच्या नावावर दोघं भांडत असतील तर भांडू द्या. गॉफला दुसरा क्वार्टरबॅक म्हणून उशिरा घ्या, सप्टेंबरात बेंचवर बसवा आणि डिसेंबरसाठी राखा. आणि या मेसेजमुळे भाव सगळ्यात जास्त पडलाय तो माँटगोमेरीचा. आमच्या सराव-ड्राफ्टांत तो दर वेळी दोन-दोन फेऱ्या खाली घसरतोय. बारा टचडाउन करणारा माणूस इतका खाली आला तर उचला, आणि मेसेज पुढे पाठवणाऱ्याचे मनातल्या मनात आभार माना.