‘राउटरमध्ये दोन आकडे टाका अन् जाहिराती कायमच्या बंद’ : या फॉरवर्डचं जरा पाहू

सध्या गावचा ग्रुप म्हणा, सोयऱ्यांचा म्हणा, शेतकरी गटाचा म्हणा, सगळीकडं एकच मेसेज फिरून राहिला. घरच्या राउटरमध्ये डीएनएसच्या पहिल्या रकान्यात ९४.१४०.१४.१४ टाका, दुसऱ्यात ८.८.८.८ टाका, मंग यूट्यूबसकट सगळ्या जाहिराती बंद, नेट डबल फास्ट, पोट्ट्यांना घाण साइट दिसणार नाही, फ्रॉड होणार नाही, तुम्ही काय पाहता ते नेटवाल्या कंपनीला कळणार नाही, अन् एकदा केलं की जिंदगीभर पाहायचं काम नाही. खाली ‘हे तुम्हाला कोणी सांगणार नाही’ आहेच.

यातलं थोडं खरं आहे म्हणून लिहून राहिलो, नाही तं डिलीट मारून मोकळा झालो असतो.

खरं एवढं, की ९४.१४०.१४.१४ हा ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या कंपनीचा फुकटातला डीएनएस आहे अन् तो जाहिरातवाल्यांचे डोमेन, म्हणजे त्यांच्या साइटची नावं, खरंच अडवते. डीएनएसचं काम काय, तं साइटचं नाव घ्यायचं अन् तिचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा आकड्यांमधला पत्ता, सांगायचा, बस. नव्या गावात उतरल्यावर आपण पानठेल्यावर विचारतो ना, भाऊ अमक्याचं घर कुठं, तसं. फिल्टरवाला डीएनएस म्हणजे असा पानठेलेवाला, जो जाहिरातवाल्याचं नाव काढलं की म्हणते, असा कोणी इथं राहत नाही. तो फक्त नाव पाहते. त्या घरात आत काय चालू आहे ते त्याला दिसत नाही, अन् फॉरवर्डमधले अर्धेअधिक दावे इथंच पडतात.

पण त्याच्याही आधी तो दुसरा रकाना पाहा, काहून की या मेसेजची खरी गंमत तिथं आहे. ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस, २००९ पासून चालू आहे, चांगला आहे, पण तो जाहिराती अडवत नाही. लोकांना वाटते पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारतात. तसं काही पक्कं नसते हो. कोणाला कधी विचारायचं ते राउटर नाही तं मोबाईल ठरवते, काही तं दोघांनाही एकदमच विचारतात अन् जो आधी बोलला त्याचं ऐकतात. म्हणजे एकानं नाही म्हटलं तरी दुसरा पत्ता देऊन मोकळा. मंग ‘सकाळी जाहिरात नव्हती, संध्याकाळी आली’ असं होते अन् माणूस राउटर बंद-चालू करत बसते. दुसऱ्या रकान्यात त्याच फिल्टरचा दुसरा नंबर टाकायचा, ९४.१४०.१५.१५. आणखी एक, बऱ्याच कनेक्शनवर आता आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) पण चालू असते अन् त्याचा डीएनएसचा रकाना वेगळा राहते. तो तसाच सोडला तं अर्धी विचारपूस तिकडून होऊन जाते अन् तुम्ही इकडं पहारा देत बसता. काही राउटरमध्ये तं कंपनीनं हे रकाने लॉकच केलेले असतात, तिथं फॉरवर्डचा विषयच संपला.

यूट्यूबचं. नाही होत. जाहिरात अन् व्हिडिओ दोन्ही गूगलच्या त्याच सर्व्हरवरून येतात, नाव तेच, त्यामुळं जाहिरातीला नाही म्हटलं तं व्हिडिओलाही नाही म्हणावं लागते. फेसबुक-इन्स्टावर मधामधात येणाऱ्या जाहिरातींचंही असंच. बंद होतात त्या कुठल्या, तं बातम्यांच्या साइटवरच्या, फुकटच्या गेममधल्या, अन् तुम्ही सोयाबीनचा भाव पाहायला एखादी साइट उघडता तेव्हा भावाच्या तक्त्यावर जे लोन ॲपचं मोठं चौकट येऊन बसते ना, ज्याचं फुलीचं बटण बोटाला सापडत नाही, त्या. एवढ्यासाठीसुद्धा मी हे लावीन, खरं सांगतो.

डबल फास्टवर जास्त बोलायचं नाही. नाव विचारायला काही मिलिसेकंद जातात, ते थोडे कमीजास्त होतील. ५० एमबीपीएसचा प्लॅन ५०चाच राहते. जाहिरातींनी भरलेलं पान लवकर उघडते ते जाहिराती उतरल्याच नाहीत म्हणून.

आता पोट्ट्यांचं, अन् इथं फॉरवर्डवाल्यावर मला राग आहे. त्यानं दिलेला नंबर अश्लील साइट अडवतच नाही! तो जाहिराती अन् तुमच्यावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅकरचा आहे. घरच्या लेकरांसाठी ॲडगार्डचेच वेगळे आहेत, ९४.१४०.१४.१५ अन् ९४.१४०.१५.१६, किंवा क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीचे १.१.१.३ अन् १.०.०.३, जे २०२० पासून आहेत (हे जाहिराती नाही अडवत, घाण साइट अन् व्हायरसवाल्या साइट अडवतात). किती मायबाप तो मेसेज वाचून नंबर टाकून निश्चिंत बसले असतील, विचार करा. बरं, बरोबर नंबर टाकला तरी पोरानं वायफाय बंद करून मोबाईल डेटा चालू केला की राउटरचा काय संबंध? त्यासाठी फोनमध्येच करावं लागते. ॲन्ड्रॉइड ९ पासून पुढं सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ राहते, तिथं फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजीत टाकायचं, मंग डेटावरही चालते. नववीतल्या पोट्ट्याला ते काढता येते, तेही सांगून ठेवतो. अन् ब्राउझरलाही स्वतःचा सुरक्षित डीएनएस असू शकते, तो चालू असला की राउटरला विचारतच नाही.

फ्रॉडचं अर्धं खरं. माहीत असलेल्या खोट्या साइट काही डीएनएस अडवतात. पण आपल्याकडं माणूस फसते कसा? व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नाही तं शेतकरी योजनेच्या नावानं एपीके फाइल (ॲप टाकायची फाइल) येते, काकाजी ती दाबतात, इन्स्टॉल करतात, एसएमएस वाचायची परवानगी देतात. ती फाइल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरूनच आलेली असते, डीएनएस तिला काय अडवणार. फोनवर ओटीपी सांगितला तं त्यात डीएनएसचा प्रश्नच येत नाही. पैसे गेलेच तं राउटरकडं नका पाहू, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

कंपनीला कळत नाही म्हणे. राउटरमध्ये साधा नंबर टाकला की सवाल-जवाब उघड्यावरच जातात, मधातला वाचू शकते. अन् ते कुलूपबंद केले तरी तुमचा फोन कोणत्या आयपीला जाऊन भिडला ते कंपनीला दिसतेच, बहुतेक वेळा साइटचं नावही कनेक्शनच्या सुरुवातीला उघडं जाते. वरून आता तुमची सगळी विचारपूस ॲडगार्डकडं किंवा क्लाउडफ्लेअरकडं चालली, हे कोणी मोजत नाही.

कोणी म्हणेल मंग घरीच पाय-होल (जाहिराती अडवणारा आपला स्वतःचा डीएनएस) लावतो, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर. लावा, मजा येते, लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला की घरातलं कोणतं यंत्र कोणाचं नाव विचारून राहिलं ते नावानिशी दिसते, टीव्ही कोणी पाहत नसतानाही कंपनीच्या सर्व्हरचं नाव पुन्हा पुन्हा विचारत असते, अडवलेल्या नावांच्या लाल ओळींवर लाल ओळी. पण आपल्याकडची विजेची लाइन विसरू नका. पाय बंद पडला की घरात नेट असूनही एक साइट उघडत नाही अन् घरचे तुमच्या नावानं ओरडतात, अन् सारखी लाइन जाऊन-येऊन मेमरी कार्ड खराब होते ते वेगळं. बॅटरी धड असलेला जुना लॅपटॉप त्याच्यापेक्षा बरा, नाही तं राउटर अन् पाय दोन्ही एका छोट्या यूपीएसवर घ्या.

‘जिंदगीभर पाहायचं काम नाही’ हे तं सरळ खोटं. फायबर तुटला, माणूस आला, त्यानं राउटर रिसेट मारला की तुमचे आकडे गेले, अन् नेट चालू दिसते म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळं तो गाडीला किक मारायच्या आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून, नाही तं राउटरच्या मागच्या स्टिकरवर जो पत्ता असेल तो उघडून, दोन्ही रकाने पाहून घ्या.