छापा पडल्यानंतरचे काम

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा टाकला. पुढच्या काही दिवसांत पुणे, कुपवाड आणि दिल्ली येथील साठे मिळून १,७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे सगळा महाराष्ट्र ज्याला एमडी म्हणून ओळखतो ते द्रव्य, हस्तगत झाले. साडेतीन हजार कोटींचा आकडा आपण वाचला, एकमेकांना पाठवला आणि आठवडाभरात विसरून गेलो. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला होता. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, सोलापूरजवळच्या चिंचोळी वसाहतीत ठाणे पोलिसांनी सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन पकडले होते. मेथअँफेटामिन बनवण्यासाठी लागणारा हा मुख्य कच्चा माल. २०२५ च्या सुरुवातीला तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्राचे नाव एमडीच्या प्रकरणात आले. प्रत्येक वेळी बातमी मालाची होती, किलोंची होती, कोटींची होती (ही किंमत कोणत्या बाजारात कोण ठरवतो, हे आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही). पकडला जाण्यापूर्वी जो माल खपला, तो ज्यांच्या नाकातून गेला त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न पोलिसांच्या कामाचा नाही हे मान्य. पण मग तो कोणाच्या कामाचा आहे?

मी तालुक्याच्या ठिकाणी दातांचा दवाखाना चालवतो. मनोविकार हा माझा प्रांत नव्हे. परंतु एमडीसारख्या उत्तेजकांचे व्यसन पुष्कळदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याच्या आधी आमच्याच खुर्चीवर येऊन बसते. ऐन पंचविशीतल्या मुलाच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेले, गालांच्या आतून चावल्याचे व्रण, तोंडाला पार कोरड आणि हिरडीच्या कडेने ओळीने किडलेले दात, असे सगळे एकत्र दिसले की गोड खाण्याचे कारण पुरेसे वाटत नाही. ही द्रव्ये जबड्याचे स्नायू रात्रभर आवळून धरतात, लाळ आटवतात, आणि जागरणात घसा सुकला की माणूस एकामागून एक शीतपेये रिचवतो. असाच एक मुलगा, मी भुलीचे इंजेक्शन भरत असताना, हळूच म्हणाला, "डॉक्टर, आईला जरा बाहेर बसायला सांगा." ती माउली बाहेर गेल्यावर त्याने आदल्या रात्री एमडी ओढल्याचे सांगितले. दाताच्या भुलीत बहुधा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते. उत्तेजकाने आधीच उधळलेल्या हृदयावर त्याची भर पडली तर रक्तदाब एकाएकी चढू शकतो, ठोके बिघडू शकतात. म्हणून दात काढणे मी पुढे ढकलले. आई शेजारीच बसून राहिली असती तर तो बोलला नसता आणि मी सुई टोचून मोकळा झालो असतो. गावात ज्याला आपण अब्रूचा प्रश्न म्हणतो, त्याकडे तेव्हापासून मी वैद्यकीय प्रश्न म्हणून पाहू लागलो आहे.

एमडी आणि मेथ (म्हणजे मेथअँफेटामिन) ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच भावकीतली द्रव्ये आहेत. मेथअँफेटामिन जपानमध्ये १८९३ मध्ये इफेड्रिनपासून तयार झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन व जपानी फौजांना जागे ठेवण्यासाठी त्याच्या गोळ्या वाटल्या गेल्या. मेफेड्रोनचा शोध १९२९ चा असला तरी त्याचा बाजार या शतकातला, आणि आपल्याकडे त्याला अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले ते फेब्रुवारी २०१५ मध्ये. दोन्ही द्रव्ये मेंदूतील डोपामिनचा, म्हणजे गोडी आणि उत्साह वाटायला लावणाऱ्या रसायनाचा, साठा जवळजवळ उपसून बाहेर काढतात. मेथचा अंमल दहा-बारा तास रेंगाळतो, तर एमडी दोन-तीन तासांत उतरते आणि उतरताना इतकी तलफ देऊन जाते की एका पुडीवर रात्र भागत नाही. वाढलेले तापमान, चढलेला रक्तदाब आणि अनियमित ठोके यांमुळे तिशीच्या आतल्या माणसालाही हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊ शकतो. मेथच्या दीर्घ वापराने हृदयाचा स्नायूच ढिला पडतो. मात्र घरादाराला सर्वाधिक हादरवतो तो संशय. बाहेर उभी असलेली मोटारसायकल पोलिसांचीच आहे, बायको फोनवर कोणाशी तरी संधान बांधून आहे, त्वचेखाली किडे वळवळत आहेत, अशा ठाम समजुतींनी माणूस पछाडला जातो, त्यातून मारहाण होते, आणि नातेवाईक त्याला डॉक्टरऐवजी देवऋषाकडे घेऊन जातात. बहुतेकांचा हा भ्रम द्रव्य थांबल्यावर काही दिवसांत ओसरतो. काहींचा आठवडे, महिने टिकतो.

दारू सुटताना हात थरथरतात, घाम फुटतो, क्वचित आकडी येते. त्यामुळे त्रास डोळ्यांना दिसतो. उत्तेजक सुटताना माणूस दोन-तीन दिवस नुसता झोपतो, उठतो, भाकरीवर भाकरी खातो आणि पुन्हा झोपतो. घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा! खरा धोका त्यानंतर येतो. कशातच गोडी न वाटणे, काम हाती धरवत नाही असे रिकामपण, आणि त्यातून येणारे आत्महत्येचे विचार, हे सारे नेमके तेव्हा सुरू होते जेव्हा घरचे लोक पाळत ठेवणे सोडून देतात. मेथ सोडलेल्यांच्या मेंदूंच्या तपासण्यांत असे आढळले आहे की डोपामिनची यंत्रणा बऱ्यापैकी सावरायला वर्ष-सव्वा वर्ष लागते, आणि तेव्हाही स्मरणशक्ती पूर्ण परतेलच असे नाही. महिनाभर केंद्रात ठेवून आणलेला मुलगा दुसऱ्या महिन्यात घसरला म्हणून त्याला नालायक ठरवणाऱ्यांनी हा कालावधी लक्षात घ्यावा.

अफूवर्गीय व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, मेथाडोन आहे. उत्तेजकांच्या व्यसनावर असे सर्वमान्य औषध आजही नाही. जे सर्वांत परिणामकारक ठरले आहे ते ऐकायला अगदीच साधे आहे: ठरावीक दिवशी लघवीची तपासणी करायची, ती स्वच्छ आली की लगेच छोटेसे बक्षीस द्यायचे, आणि हे महिनोन् महिने नेमाने करत राहायचे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ही पद्धत २०११ पासून वापरली जाते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ती सरकारी आरोग्य योजनेत घेतली. आपल्याकडे हे सांगितले की पहिली प्रतिक्रिया येते, "नशा केली नाही म्हणून बक्षीस?" हो, त्यासाठीच. ज्या मेंदूला दूरच्या भल्याची चव कळेनाशी झाली आहे, त्याला आजच्या आज काहीतरी मिळावे लागते. व्यायामशाळेची महिन्याची फी किंवा मोबाइलचे रिचार्ज यापेक्षा मोठा खर्च त्यात नाही. एक अडचण मात्र आधीच सांगायला हवी, की लघवीत अँफेटामिन, म्हणजे मेथच्या कुळातले उत्तेजक, शोधणाऱ्या दुकानातल्या साध्या पट्टीवर एमडी बहुधा दिसत नाही. त्यासाठी वेगळा संच किंवा प्रयोगशाळा लागते, आणि ही सोय जिल्हा रुग्णालयात असावी अशी मागणी आपण आजवर केलेली नाही.

समाजाने हात घातल्यावर काय होऊ शकते याचे उदाहरण शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. ब्राऊन शुगरने पुण्या-मुंबईतली घरे पोखरली होती तेव्हा, १९८६ मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनी माणसाशी माणूस म्हणून बोलायचे आणि त्याच्या कुटुंबालाही सोबत घ्यायचे, ही तिथली रीत आज आपल्याला साधी वाटते, इतकी ती रुजली. याउलट आमच्या भागातील एका गावाने गेल्या वर्षी संशयित मुलांची नावे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. त्यातली दोन मुले शहरात निघून गेली, एकाचे ठरलेले लग्न मोडले, आणि विकणारा होता तो तसाच विकत राहिला, कारण त्याचे नाव यादीत घालण्याची हिंमत कोणालाच झाली नाही.

अमली पदार्थविरोधी कायदा या बाबतीत गावापेक्षा शहाणा आहे. त्यातील कलम ६४-क नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (एमडीसाठी ते दोन ग्रॅम आहे) आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊ लागली तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. मुलगा व्यसनात अडकल्याचे कळल्यावर पोलिसांच्या भीतीने दागिने मोडून ऑनलाइन कर्जे फेडत बसलेल्या किती आईवडिलांना हे कोणी सांगितले आहे? तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारे विकारही येतात आणि तो कायदा रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई करतो. 'मारूनमुटकून सुधारतो' अशी ख्याती असलेल्या केंद्रात मुलाला सोडण्यापूर्वी त्याची नोंदणी पाहावी आणि आतली खोली दाखवायला सांगावे. दाखवत नसतील तर तिथून परत फिरावे.

माझे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात की दारूने घरे बसली आहेत आणि तुम्ही एमडीचे काय घेऊन बसलात. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. 'एम्स'ने २०१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे १४.६ टक्के होते आणि अँफेटामिन वर्गातील उत्तेजके घेणारे ०.१८ टक्के. पण ती पाहणी कुरकुंभच्या सहा वर्षे आधीची आहे, आणि दारूसाठी उभारलेली व्यवस्था, म्हणजे आठ-दहा दिवस गोळ्या देऊन अंगातले विष उतरवायचे आणि मग समुपदेशन, उत्तेजकांच्या रुग्णाला तशीच्या तशी लागू पडत नाही. त्याला औषध कमी आणि माणसे जास्त लागतात.

म्हणून आम्ही काही डॉक्टर, दोन औषधविक्रेते आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका मिळून दर गुरुवारी संध्याकाळी एक खोली उघडी ठेवतो. पालकांनी एकटे यावे, मुलाने एकटे यावे, नाव सांगावे किंवा सांगू नये. खोलीवर पाटी लावायची की नाही यावर आमचा वाद झाला आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या म्हणण्यानुसार लावली नाही. ज्यांना इथवर येणे जमणार नाही त्यांनी व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १४४४६ वर, किंवा मनात मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर फोन करावा. टेलिमानसवर मराठीत बोलता येते. आणि पंचायत समितीच्या ज्या सदस्यांनी छाप्यानंतर पोलिसांचा जाहीर सत्कार केला, त्यांना विनंती आहे की पुढच्या बैठकीत तालुक्याला आठवड्यातून एक दिवस तरी मानसोपचारतज्ज्ञ आणि तपासणीचे संच मिळावेत असा ठराव मांडावा; मसुदा आमच्याकडे तयार आहे, मागितल्यास देऊ.