डबल क्लच, सोफा आणि तो जीएमसी ट्रक : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी टीव्हीवरच्या कार शोमधल्या त्या जीएमसी ट्रकवर लिहिलं होतं. १९४३ सालचा सीसीकेडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जीएमसी या अमेरिकन कंपनीचा फौजी ट्रक, अडीच टनी, सहाही चाकांना ड्राइव्ह, कोठारातून गंजलेला बाहेर काढला आणि एपिसोडच्या शेवटी फुल लोड टाकून रस्त्यावर पळवला, तोच. बऱ्याच जणांनी आवडल्याचं कळवलं, त्यांचे मनापासून आभार. आणि मग 'जुना मेकॅनिक' या नावाने एक प्रतिक्रिया आली, तिला खाली दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो पण ते वाढत गेलं म्हणून इथे वेगळं टाकतोय.

प्रतिक्रियेत काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच घेतलं असं कोणी म्हणायला नको. एक, मी जीएमसीचे आठ लाख ट्रक बनले असं लिहिलं ते चूक आहे. दोन, ट्रकचे अ‍ॅक्सल स्प्लिट (मध्ये दोन अर्धी बोल्टने जोडलेले) आहेत असं मी म्हटलं, ते बॅन्जो (मध्ये एकसंध गोल पोट असलेले) आहेत. तीन, शोवाल्यांनी सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्ट केलं आणि रंगही नको तेवढा चकचकीत मारला. चार, जुना रंग पार पत्र्यापर्यंत घासला, त्यामुळे त्याखाली बंपरवर युनिटचे जे आकडे असतील आणि बॉनेटवर जो नंबर असेल तो कायमचा गेला, त्यांच्या शब्दांत "हे रिस्टोरेशन नाही, पुसून टाकणं आहे." आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतो: "ज्याने आयुष्यात कधी डबल क्लच मारला नाही त्याने सोफ्यावर बसून टीव्ही बघून मिलिटरी ट्रकबद्दल ज्ञान पाजळू नये." (डबल क्लच म्हणजे जुन्या गाड्यांत एक गिअर बदलायला क्लच दोनदा दाबणं.)

साहेब, हे शेवटचं वाक्य लिहायची काय गरज होती? वरचे चार मुद्दे तुम्ही सरळ लिहिले असते तर मी सरळ घेतले असते. तुम्ही मला ओळखत नाही, मी काय करतो माहीत नाही, कुठे राहतो माहीत नाही, आणि तरी तुम्हाला माझा सोफा दिसला.

तर ऐका आता. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ड्रायव्हर होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथून घराआड एक माणूस फौजेत गेलेला. आजोबा सप्लाय कोअरमध्ये भरती झाले आणि आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत गेले. १९४३ च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीला पूर आलेला, चिखल एवढा की ट्रक हबपर्यंत रुतायचे, आणि रात्री दिवे लावायचे नाहीत, पुढच्या ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गोल डब्याला, पांढरा रंग फासलेला असायचा आणि त्याच्यावर अंधुक एक दिवा, तेवढं बघत चालायचं. आजोबांकडे कॅनडात बनलेला शेवरलेट होता, ज्याची काच वरून पुढे आणि खालून आत अशी उलटी कललेली असायची, आणि नाक चपटं. त्या चपट्या नाकामुळे इंजिन केबिनमध्येच घुसलेलं, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला चिकटून. आजोबा म्हणायचे, थंडीत ते बरं, एरवी मांडी शिजायची. मी चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत ते होते, आणि ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल याचा हिशोब नाही.

वडील एएससीत, म्हणजे आपल्या लष्कराच्या पुरवठा दलात, शक्तिमान ट्रक चालवायचे. जबलपूरला बनलेला, जर्मनीच्या एमएएनच्या लायसन्सवरचा तो शक्तिमान, ज्याचं नुसतं नाव काढलं तरी आमच्या पिढीतल्या फौजी घरांतली पोरं उठून बसतात. आणि मी स्वतः डबल क्लच शिकलो सतरा वर्षांचा असताना, मामाच्या फार्गो ट्रकवर. कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात बनलेली ती गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती, हंगामात कारखान्यावर ऊस टाकायची. मामा शेजारी बसायचा आणि गिअर कर्रकन वाजला की काही बोलायचा नाही, फक्त माझ्या हातावर आपला हात ठेवायचा. खाली गिअर घेताना क्लच दाबून न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, त्या क्षणी एक रेस द्यायची, मग परत क्लच आणि मग गिअर. ती रेस कमी पडली तरी वाजणार, जास्त झाली तरी वाजणार. कानाने कळतं ते, मीटर बघून नाही. पूर्ण हंगाम गेला मला, आणि ज्या दिवशी ऊस भरलेला ट्रक मी घाटातून एकदाही न वाजवता खाली उतरवला त्या दिवशी मामाने खाली आल्यावर चहा पाजला, तोंडाने शब्द नाही. हे मी कधी लिहिलं नव्हतं कारण लिहायची वेळ आली नव्हती. तुम्ही आणलीत.

आणि आता मी राहतो मिशिगनमध्ये. हे ट्रक जिथे बनले त्या पाँटिअॅक शहरापासून माझं घर अर्ध्या तासावर आहे. ब्रेकच्या क्षेत्रात वीस वर्षं नोकरी झाली. गेले तीन हिवाळे मी शनिवारी एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांच्या कोठारात जातो, त्यांच्याकडे सीसीकेडब्ल्यू ३५३ आहे, म्हणजे लांब व्हीलबेसवाला (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर), आखूड तो ३५२. त्या ट्रकचा हायड्रोव्हॅक, म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूमची मदत देणारं यंत्र, मी माझ्या हाताने दोनदा खोललंय. पहिल्यांदा बसवल्यावर पेडल वर यायला तयार नाही, ब्रेक धरूनच राहायचे, परत खोलला तर आत पिस्टनच्या चामड्यावर दुमड राहिलेली. ते सगळं मायनस दहा डिग्रीत, हातमोजे काढून, कारण हातमोजे घालून ते काम होत नाही. त्याला पाच गिअर आहेत, सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. डबल क्लच मारल्याशिवाय तो तिसऱ्यातून दुसऱ्यात पडतच नाही. आता बोला, सोफ्यावर कोण बसलंय?

तुमच्या हाताला ग्रीस लागलेलं असेल, नाही कोण म्हणतंय. नावावरून तरी तसंच वाटतं. पण हाताला ग्रीस लागलं म्हणून जीभ कशीही चालवायचा परवाना मिळत नाही. माझ्या वडिलांना चाळीस वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव होता आणि नवशिक्या पोराने वेडावाकडा प्रश्न विचारला तरी ते 'अरे बस, दाखवतो' एवढंच म्हणायचे. 'पाजळू' हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. मराठीत गाड्यांवर, त्यातून जुन्या फौजी गाड्यांवर लिहिणारे आहेत तरी किती हो? हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातल्या एकाला सोफ्यावर बसवून तुम्हाला काय मिळालं? एखादा कॉलेजातला मुलगा हे वाचून उद्या आपल्या आजोबांच्या गाडीबद्दल लिहायला घेईल, आणि तुमची प्रतिक्रिया बघून वही मिटून ठेवेल, याचा विचार केलात?

आता चूक. आठ लाखांचा आकडा माझा चुकला, ते कबूल, शंभर टक्के कबूल. जीएमसीचे सीसीकेडब्ल्यू साधारण ५ लाख ६२ हजार बनले. आठ लाखांच्या वर जातो तो त्या काळातल्या सगळ्या अमेरिकन अडीच टनी ट्रकांचा मिळून आकडा, त्यात स्टुडबेकर आले, इंटरनॅशनल आले, रिओ आले. मी दोन्ही एकत्र केले. अ‍ॅक्सलचंही तुमचं बरोबर, एपिसोड परत थांबवून बघितला, गोल बॅन्जोच आहे, मध्ये दोन अर्धी बोल्टने जोडल्याची उभी शिवण कुठे दिसत नाही, स्प्लिटला ती दिसते. मी शनिवारी ज्या ट्रकवर काम करतो तो स्प्लिट अ‍ॅक्सलवाला आहे म्हणून डोळ्यांना तोच दिसला. चूक ती चूक. पण साडेपाच लाख काय आणि आठ लाख काय, मी जे म्हणत होतो की एवढ्या संख्येने बनलेल्या या ट्रकाशिवाय फ्रान्समधली लढाई पुढे सरकली नसती, ते त्याने खोटं ठरत नाही.

कारण ते खरंच तसं आहे, आणि मला वाटतं तुमच्या प्रतिक्रियेत याच्याबद्दल एक शब्द नव्हता याचंच मला जास्त वाईट वाटलं. २५ ऑगस्ट १९४४ ते १६ नोव्हेंबर १९४४, या काळात नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडून पुढे पळणाऱ्या सैन्याला पेट्रोल, दारूगोळा आणि रेशन ज्या ट्रकांनी पोचवलं ती रेड बॉल एक्स्प्रेस. फ्रान्सची रेल्वे दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बहल्ल्यांनी आधीच मोडून ठेवलेली, त्यामुळे सगळं ओझं रस्त्यावर आलं. दोन समांतर रस्ते घेतलेले, एक फक्त जायला, एक फक्त यायला, बाकी कोणाला त्यावर येऊ द्यायचं नाही. २९ ऑगस्टला एका दिवसात सहा हजारांच्या आसपास गाड्यांनी बारा हजार टनांहून जास्त माल पोचवला. नियमाने वेग ताशी २५ मैल, पण इंजिनाला वेग बांधायला जो गव्हर्नर लावलेला असायचा तो ड्रायव्हर लोक काढून टाकायचे, म्हणून ट्रक त्याहून बरेच जोरात पळायचे. आणि त्या ड्रायव्हरांतले साधारण चारात तीन कृष्णवर्णीय अमेरिकन होते. ज्या सैन्यात त्यांना गोऱ्या सैनिकांबरोबर एका तुकडीत लढू देत नव्हते, त्याच सैन्याचं पोट त्यांनी चालवलं. सैन्यातला तो भेदभाव मोडायचा हुकूम निघाला १९४८ मध्ये. माझे आजोबाही असेच, परक्याच्या लढाईत परक्या देशात रात्रीची गाडी हाकणारे, मेडल नाही, फोटो नाही. मी त्या ट्रकवर लिहायला बसतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही माणसं असतात, व्होल्टचा आकडा नसतो.

व्होल्टवरून आठवलं. बारा व्होल्ट केलं म्हणून तुम्ही एवढे का चिडलात कळत नाही. सहा व्होल्टवर थंडीत ते सहा सिलिंडरचं २७० घनइंची इंजिन फिरवायचं म्हणजे जाड केबल लागते, एक जरी टर्मिनल मळलं की स्टार्टर आळस देतो, आणि ज्याला गाडी खरोखर रस्त्यावर न्यायची आहे तो बदल करतो. आमच्या कोठारात आम्ही सहाच ठेवलंय, पण ज्याने बदललं तो काही गुन्हेगार नाही. रंग चकचकीत होता हे टीव्हीच्या लाइटमुळेही दिसू शकतं. लस्टरलेस ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे तो बिनचमकीचा फौजी हिरवा रंग, ओल्या फडक्याने पुसला तरी चमकतो. त्यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही.

रंग घासून काढल्याचं म्हणाल तर, अहो तो ट्रक गंजलेला होता. पत्र्याला भोकं पडलेली एपिसोडमध्ये स्पष्ट दिसतात. गंज ठेवून वर रंग मारायचा का? आणि खाली नंबर होताच हे तुम्ही कशावरून म्हणता, तुम्ही तिथे नव्हता. युद्धानंतर हे ट्रक किती सैन्यांकडून, किती शेतकऱ्यांकडून, किती फायर ब्रिगेडकडून फिरले, प्रत्येकाने आपापला रंग चढवला. मधला कुठला थर खरा म्हणायचा? आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या ट्रकचं बॉनेट बारीक पॉलिश पेपर घेऊन पाण्याने हळूहळू घासलं होतं, थराखाली थर, पंधरा दिवस, आणि शेवटी निळसर आकडे वर आले तेव्हा ते खुर्ची ओढून समोर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पण ते एका माणसाचं स्वतःचं काम, ज्याला वेळ आहे. टीव्हीवाल्यांना आठवड्यांचं शेड्यूल असतं. दोन्हीला एकच माप लावू नका.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रक चालला पाहिजे. म्युझियममध्ये दोरीमागे उभा असलेला ओरिजिनल रंगाचा ट्रक मी बघितलाय, त्याच्या खाली तेलाचा एक थेंब नाही, वास नाही. त्या एपिसोडमध्ये मात्र शेवटी एक नव्वदीतले आजोबा त्या ट्रकच्या पायरीवर पाय ठेवून वर चढतात, आधी हाताने स्टिअरिंग चाचपतात, मग तोंडाने काही न बोलता डावा पाय क्लचवर ठेवतात, दोनदा. तो 'दोनदा' बघून मी टीव्ही थांबवला होता. बायको म्हणाली काय झालं, मला सांगता येईना. माझी ती पोस्ट या दोन सेकंदांमुळे लिहिली गेली आणि तुम्ही त्या दोन सेकंदांबद्दल काहीच म्हणाला नाहीत.

असो. पुढच्या शनिवारी आम्ही पुढच्या अ‍ॅक्सलचे जॉइंट खोलणार आहोत, फोटो टाकीन. तुम्हाला त्यातलं कळत असेल, आणि अ‍ॅक्सलवरून वाटतं की कळतं, तर जरूर लिहा, फक्त माणसाशी बोलतोय असं लिहा. आकड्याची आणि बॅन्जोची चूक मी मूळ पोस्टमध्ये दुरुस्त केली आहे, 'एका वाचकाने लक्षात आणून दिलं' असंही खाली घातलंय. नाव घातलं नाही, कारण ते तुम्हीच दिलेलं नाही.