मालू सापडत नाही

१६ सप्टेंबरची संध्याकाळ. बाहेर शिपाईमामा झेंड्याच्या चौथऱ्याला चुना लावत होते आणि आत मी शाळेच्या कॉम्प्युटरपुढं बसून मुख्याध्यापकांचं उद्याचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण हुडकत होतो. भाषण मीच लिहिलेलं, मीच टाइप केलेलं, तेही आदल्या दिवशीच. फक्त ठेवलं कुठं, तेवढं आठवत नव्हतं.

फाइलींची नावं ठेवण्यात आमच्या शाळेचा हात कुणी धरू नये. 'भाषण', 'भाषण नवीन', 'भाषण फायनल', 'भाषण फायनल २', 'भाषण सरांनी बघितलेलं'. एक उघडलं तर १५ ऑगस्ट निघाला, दुसऱ्यात निरोप समारंभ. 'भाषण फायनल २'मध्ये पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब होता. तो तिथं कसा गेला ते मलाही माहीत नाही आणि तांदळालाही.

"काय हुडकायलाव सर?" मुख्याध्यापक मागं येऊन उभे.

"उद्याचं भाषण, सर."

"१३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली अन् १७ ला निजाम शरण आला. तुमचं किती दिवस चालायचं?"

भाषणात हे वाक्य मीच घातलं होतं. म्हणजे सरांना पाठ झालं होतं. आता कागद कशाला पाहिजे, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. फाट्यावर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दहावीला गणितात मी त्याला दोनदा नापास केलंय, पण पोरगं मनाचं मोठं. म्हणाला, "सर, कशाला ह्या फोल्डरातून त्या फोल्डरात फिरायलाव? विंडोजचं बटण दाबून धरा अन् आर दाबा. चौकट येती. त्यात इंग्रजीत रिसेंट लिहून एंटर मारा. आजकाल जे जे उघडलं ते समदं एका जागी दिसतंय."

चौकट आली. मी एकेक अक्षर शोधून सहा बटणं दाबली, एंटर मारलं. कीबोर्ड मघापासून मराठीवरच आहे हे डोक्यातच नव्हतं. इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टायपिंगच्या त्या मांडणीत, ती सहा बटणं दाबली, की आधी दोन बिनआईबापाच्या मात्रा उमटतात आणि त्यांच्यापुढं 'मालू'. कॉम्प्युटरनं टणकन आवाज करून कळवलं, की विंडोजला हे सापडत नाही, नाव नीट लिहिलंय का ते बघा.

मुख्याध्यापकांनी चष्मा नाकावर सरकवला. "मालू? ही मालू कोण, सर?"

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढा घाम कधी आला नव्हता. फोनवर पोरगं हसतंय. "सर, विंडोज अन् स्पेस दाबा, भाषा बदलती." भाषा बदलली, यादी उघडली आणि मालूचा प्रश्न एकदम किरकोळ वाटायला लागला.

कारण पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना जसं गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी होती हे तारखेसकट माहीत असतं, तसं ह्या यादीचं. सगळ्यात वर 'भाषण १७ सप्टें'. त्याखाली 'मुलीचा बायोडाटा'. त्याखाली 'संस्थेला बदली अर्ज'. त्याखाली 'बदली अर्ज कारणांसह'. सर काही बोलले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले आणि चौथऱ्याचा चुना बघायला गेले.

शाळेच्या प्रिंटरची शाई संपलेली (ती भरल्याचं मला तरी आठवत नाही). म्हणून त्या यादीतूनच भाषण उचलून पेन ड्राइव्हवर टाकलं आणि गाडीला किक मारून फाटा गाठला. पोरानं पेन ड्राइव्ह लावला, पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सर, हे नुसतं शॉर्टकट हाय. दोन केबीचं. असली फाइल शाळेतच राहिली."

म्हणजे मी लग्नपत्रिका घेऊन आलो होतो आणि नवरदेव जानवशावरच बसला होता. परत जावं तर गावात लाइट गेलेली. पोरानं मात्र तेवढ्यात शिकवणी घेतली. खालच्या पट्टीवर वर्डचं चिन्ह असतं, त्याच्यावर उजवी टिचकी मारली की अलीकडच्या फाइली तिथंच दिसतात. नावापुढची टाचणी दाबली की ती फाइल यादीतून हलत नाही. हे म्हणे विंडोज ७ पासून, २००९ सालापासून आहे. आमच्या दहावीतली पोरं जन्मायची होती तेव्हापासून! आणि एवढी वर्षं मी 'माय कॉम्प्युटर'पासून पायी निघत होतो.

भाषण शेवटी रात्री घरी बॅटरीच्या उजेडात हातानं लिहिलं. सकाळी सरांनी ते घडी न उलगडता म्हणून दाखवलं. निजामाच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर सर स्वतः कॉम्प्युटरपुढं. "या सर. मालू सापडली मला," म्हणाले. "विंडोज, आर, रिसेंट. लई सोपं हाय की. अन् तेवढं बघा, बदलीच्या अर्जात 'परिस्थिती'तल्या 'स्थि'ला पहिली वेलांटी पाहिजे, तुम्ही दुसरी दिलीय."